आडात जेवढे, तेवढेच पोहऱ्यात: धिंगरी अळंबीच्या घरगुती संचाचे परीक्षण

धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) घरी वाढवण्याचा एक तयार संच मी गेले काही महिने वापरत आहे. चार निरनिराळ्या पिकांच्या अवशेषांवर तीन-तीन तोडण्या घेऊन झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा तोच संच मागवून काही गोष्टी पुन्हा पडताळून पाहिल्यावरच हे लिहायला घेतले. संचाच्या खोक्यावर दोन दावे ठळक अक्षरांत छापलेले आहेत. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या काडाकुटारावर कोणालाही अळंबी घेता येते, हा पहिला. आणि या अळंबीच्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम प्रथिने असतात, हा दुसरा. पहिला दावा माझ्या अनुभवात जवळजवळ पूर्ण खरा ठरला. दुसरा दावा ज्या पद्धतीने केला आहे तो वाचणाऱ्याची दिशाभूल करणारा आहे, आणि या परीक्षणाचा बराच भाग मी त्यावरच खर्च करणार आहे, कारण पोषणासाठी म्हणून जो माणूस हा संच विकत घेतो, त्याला अळंबीतील पोषण मुळात कोठून येते हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

खोक्यात स्पॉनची, म्हणजे अळंबीच्या बियाण्याची, प्रत्येकी १०० ग्रॅमची चार पाकिटे, एका पिशवीपुरते कापलेले गव्हाचे काड, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या, रबरी बंद, पाण्याचा फवारा, तापमान व आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आणि एक माहितीपुस्तिका असते. या सर्वांत स्पॉन निर्विवाद उत्तम आहे. पाकिटावर ते तयार केल्याची तारीख आहे, दाण्यांभोवती पांढऱ्याशुभ्र तंतूंचे दाट आवरण आहे, दाणे हाताने सहज सुटे होतात आणि वास ताज्या अळंबीचा येतो. आंबूस वास, पिवळसर पाणी किंवा हिरवा-काळा ठिपका यांपैकी काहीही आठही पाकिटांत आढळले नाही. अळंबीच्या कामात बियाणे दगा देणारे निघाले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ही बाजू मी आवर्जून नोंदवते. आर्द्रतामापकाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. मिठाचा ओलसर लगदा आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, तर खोलीच्या तापमानाला आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. या साध्या कसोटीत संचातील यंत्र ८३ दाखवत होते. ज्या पिकाला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते, त्याच्यासाठी आठ अंकांची ही चूक लहान नाही. यंत्र अधिक ओलावा दाखवते म्हणून आपण फवारणी कमी करतो आणि कोवळे कोंब वाळून जातात.

काडावर अळंबी उगवते तेव्हा आत नेमके काय घडते, हे पुस्तिकेत दोन ओळींत उरकले आहे; वास्तविक सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. गव्हाचे काड, भाताचा पेंढा, कपाशीच्या पऱ्हाट्या हे सर्व प्रामुख्याने सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असतात. पहिले दोन पदार्थ म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या, परंतु त्यांच्याभोवती लिग्निनचे असे चिवट कवच असते की बहुतेक सूक्ष्मजीवांना आतपर्यंत पोहोचणे अवघड जाते. धिंगरी ही निसर्गात मेलेल्या झाडांच्या खोडांवर वाढणारी, श्वेत कुज घडवणारी बुरशी आहे. ती लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे बाहेर सोडते, लिग्निनचे कवच फोडते आणि मग आतील साखरेवर जगते. म्हणूनच बटण अळंबीसाठी जसे काड आधी कित्येक दिवस कुजवून कंपोस्ट करावे लागते, तसे धिंगरीसाठी करावे लागत नाही. भिजवून, गरम पाण्यातून काढलेले काड तिला पुरते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत अन्नाची टंचाई असताना रिचर्ड फाल्क यांनी या अळंबीच्या लागवडीचे पहिले प्रयत्न केले, ते झाडांच्या ओंडक्यांवर. काडावरची लागवड नंतर रूढ झाली. माणसाला आणि बहुतेक प्राण्यांना ज्या पदार्थातून काहीही मिळत नाही, त्यातून खाण्याजोगे अन्न काढणारी ही प्रक्रिया मला आजही विलक्षण वाटते.

मात्र या बुरशीला एक गोष्ट करता येत नाही: ती हवेतील नत्र घेऊ शकत नाही. प्रथिने तयार करायला नत्र लागतो, आणि अळंबीतील प्रत्येक ग्रॅम नत्र हा एकतर काडातून येतो, नाहीतर स्पॉनच्या दाण्यांतून. पोटॅश, स्फुरद, लोह, जस्त यांचेही तसेच. आडात जे नाही ते पोहऱ्यात येत नाही. पुस्तिकेत पोषणमूल्यांचा जो तक्ता दिला आहे त्यात अळंबी कोणत्या माध्यमावर वाढवली होती याचा उल्लेखच नाही, आणि त्यामुळे तो तक्ता कोणाच्या पिशवीतील अळंबीला लागू पडतो हे सांगता येत नाही.

मी पहिली पिशवी संचातील गव्हाच्या काडाची भरली, दुसरी भाताच्या पेंढ्याची, तिसरी सोयाबीनच्या कुटाराची आणि चौथी बारीक तुकडे केलेल्या पऱ्हाट्यांची. प्रत्येकीत कोरडे माध्यम मोजून एक किलो घेतले. काड रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दीड तास ठेवून, निथळून, मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब पडेल इतके कोरडे होऊ दिले. या टप्प्यावर काडातील ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो आणि एक किलो काडाचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. पुस्तिकेत गरम पाण्याऐवजी कार्बेन्डाझिम व फॉर्मालिनच्या द्रावणात काड भिजवण्याची पद्धत ‘सोपी’ म्हणून आधी दिली आहे आणि गरम पाण्याची पद्धत शेवटी. हा क्रम मला मान्य नाही. रासायनिक पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते हे खरे असले, तरी घरी स्वतः खाण्यासाठी चार पिशव्या लावणाऱ्या माणसाला बुरशीनाशक आणि फॉर्मालिन हाताळायला सांगणे, तेही हातमोजे, खेळती हवा आणि अचूक प्रमाण यांबद्दल एक शब्दही न लिहिता, हे गैर आहे.

भिजवण्याच्या पाण्याबद्दलही एक बाब सांगण्यासारखी आहे. रात्रभरानंतर ते पाणी चहासारखे तपकिरी होते. त्यात काडातील विद्राव्य साखर उतरलेली असते, आणि ती निघून जाणे चांगलेच, कारण तीच साखर हिरव्या बुरशीला आयते खाद्य पुरवते. परंतु काडातील पोटॅशचाही मोठा भाग पाण्यात सहज विरघळणारा असतो व तोही त्याच पाण्याबरोबर जातो. पुस्तिका ‘२४ तास भिजवा’ असे सरसकट सर्व माध्यमांसाठी सांगते. गव्हाच्या काडाला आणि पेंढ्याला आठ-दहा तास पुरतात, पऱ्हाट्यांना मात्र २४ तासही कमी पडतात. मी ते पाणी गार करून झाडांना घातले.

बुरशीचे तंतू गव्हाच्या काडात १८ दिवसांत, पेंढ्यात १६ दिवसांत आणि सोयाबीनच्या कुटारात १७ दिवसांत पूर्ण पसरले. पऱ्हाट्यांना २६ दिवस लागले. पऱ्हाटी ही लाकडासारखी असते, तिच्यात लिग्निन अधिक असते आणि तुकड्यांमधील पोकळ्या मोठ्या राहिल्याने तंतूंना एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाणे कठीण जाते. तीन तोडण्या मिळून ताज्या अळंबीचे वजन गव्हाच्या काडावर ८५० ग्रॅम, पेंढ्यावर ८२०, कुटारावर ९४० आणि पऱ्हाट्यांवर ५१० ग्रॅम भरले. कोरड्या माध्यमाच्या वजनाशी ताज्या अळंबीच्या वजनाची टक्केवारी काढतात तिला जैविक कार्यक्षमता म्हणतात. त्या हिशेबाने पहिल्या तीन पिशव्यांचे उत्पादन चांगले आहे आणि संचाचा पहिला दावा खरा ठरतो. एकेका पिशवीवरून माध्यमांची प्रतवारी ठरत नाही, हे मात्र वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या संचात मी गहू आणि सोयाबीन यांची पुन्हा एकेक पिशवी लावली, तेव्हा दोन्हींतील अंतर बरेच कमी झाले होते.

आता प्रथिनांच्या दाव्याकडे वळते. ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या अळंबीत सगळे घन पदार्थ मिळूनच जेमतेम १० ग्रॅम असतात, आणि तिच्यातून ३० ग्रॅम प्रथिने मिळणे अशक्य आहे. छापलेला आकडा वाळवलेल्या अळंबीचा आहे, पण ‘वाळवलेल्या’ हा शब्द खोक्यावर कोठेही नाही. ताज्या अळंबीच्या १०० ग्रॅममधून प्रत्यक्षात दोन ते तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भाजी म्हणून पाहिले तर हे प्रमाण चांगले आहे. डाळीची किंवा अंड्याची जागा घेईल इतके ते नाही.

वाळवलेल्या अळंबीसाठी तरी ३० टक्के हा आकडा खरा आहे का, हे पाहण्यासाठी मी नत्राचा जमाखर्च मांडला. गव्हाच्या काडात कच्ची प्रथिने, म्हणजे नत्राला ६.२५ ने गुणून काढलेली प्रथिने, ३ ते ४ टक्के असतात, म्हणजे एक किलो काडात नत्र साधारण साडेपाच ग्रॅम. स्पॉनच्या १०० ग्रॅम ओल्या दाण्यांतून आणखी एक ग्रॅमच्या आसपास नत्र येतो. एकूण जमा झाली साडेसहा ग्रॅम. त्या पिशवीतून मला ८५० ग्रॅम ताजी, म्हणजे वाळवल्यावर ८५ ग्रॅम अळंबी मिळाली. आता अन्नातील प्रथिने मोजताना सहसा नत्राचे प्रमाण काढून त्याला ६.२५ ने गुणतात. अळंबीच्या बाबतीत हा गुणक चुकीचा ठरतो, कारण तिच्या पेशीभित्तिकेतील कायटिनमध्येही नत्र असतो आणि तो प्रथिनांचा नसतो, शिवाय तो आपल्याला पचतही नाही. त्यामुळे अळंबीसाठी ४.३८ हा गुणक वापरतात. ४.३८ च्या गुणकाने ३० टक्के प्रथिने हवी असतील, तर वाळवलेल्या अळंबीत जवळजवळ ६.८५ टक्के नत्र हवा, म्हणजे ८५ ग्रॅममध्ये ५.८ ग्रॅम. पिशवीत जमा साडेसहा ग्रॅम असताना त्यातील ५.८ ग्रॅम अळंबीत उतरायचा, तर काडात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्यासाठी आणि उरलेल्या काडासाठी मिळून एक ग्रॅमही उरत नाही. असे घडत नाही. हाच ३० चा आकडा ६.२५ च्या गुणकाने काढला असेल, तर लागणारा नत्र ४.८ टक्के, म्हणजे सुमारे ४.१ ग्रॅम, जे शक्य कोटीतील आहे. आणि त्याच अळंबीचे प्रमाण योग्य गुणकाने मोजले तर ते ३० नव्हे, २१ टक्के भरते. त्यांनी कोणता गुणक वापरला, असे मी संच बनवणाऱ्यांना लेखी विचारले. उत्तरात तोच छापील तक्ता पुन्हा पाठवला गेला.

याचा अर्थ ३० टक्के प्रथिने असलेली धिंगरी असूच शकत नाही असा नाही. वाळवलेल्या धिंगरीतील प्रथिनांचे प्रमाण साधारण १५ पासून ३५ टक्क्यांपर्यंत इतके बदलते नोंदवले गेले आहे, आणि या मोठ्या तफावतीमागे जात, तोडणीचे वय आणि मोजण्याची पद्धत यांच्याबरोबर माध्यमाचाही मोठा वाटा असतो. सोयाबीनसारख्या द्विदल पिकाच्या कुटारात गव्हाच्या काडापेक्षा नत्र अधिक असतो. त्यावर वाढलेल्या अळंबीत प्रथिनेही बहुधा अधिक असतात. उलट लाकडी भुसा किंवा नुसत्या बुरकुंड्यांसारख्या (मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांसारख्या) कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजा असलेल्या माध्यमावर ती कमी भरतात. येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. एकाच पिशवीतून उत्पादन जितके जास्त काढाल, तितका तोच नत्र अधिक अळंबीत वाटला जातो. भरघोस उत्पादन आणि भरघोस प्रथिने ही दोन्ही आश्वासने एकाच साध्या काडाच्या पिशवीवर छापणे म्हणजे एकच रक्कम दोनदा खर्ची टाकण्यासारखे आहे.

मग नत्र वरून का घालू नये, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि पुस्तिका तसे सुचवतेही: काडात दहा टक्के गव्हाचा कोंडा मिसळा, प्रथिने वाढतील. दुसऱ्या संचातील एका पाकिटावर मी हे करून पाहिले आणि ती पिशवी गमावली. सहाव्या दिवशी पिशवीच्या मध्यभागी हात लावताच गरम लागत होते, नवव्या दिवशी हिरवे डाग दिसले आणि दोन आठवड्यांत ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीने सगळी पिशवी व्यापली. त्यात चूक माझ्या हाताळणीची असेलही, परंतु कारण समजण्यासारखे आहे. साध्या काडात धिंगरीला स्पर्धक कमी असतात, कारण तेथील अन्न काढून घेणे इतरांना अवघड जाते. कोंडा घातला की सर्वांसाठी सोपे अन्न उपलब्ध होते, जोमदार वाढीमुळे पिशवीचे तापमान चढते, आणि ८० अंशांच्या पाण्याने न मेलेले बीजाणू त्या संधीची वाटच पाहत असतात. कोंडा घालायचा तर माध्यम दाबाच्या वाफेवर पूर्ण निर्जंतुक करावे लागते, बियाणे स्वच्छ बंदिस्त जागेत मिसळावे लागते आणि पिशव्या लहान ठेवाव्या लागतात. या अटी पुस्तिकेत नाहीत. त्या नसताना कोंड्याचा सल्ला देणे म्हणजे नव्या माणसाला हमखास तोट्यात घालणे होय.

पोषणाच्या बाबतीत काडावर अवलंबून असलेल्या आणि नसलेल्या गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असे मला वाटते. ब गटातील बरीचशी जीवनसत्त्वे बुरशी स्वतःच घडवते. ताज्या धिंगरीच्या १०० ग्रॅममधून नायसिन ५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, जे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके आहे. रायबोफ्लेविन आणि पँटोथेनिक आम्लही चांगल्या प्रमाणात मिळतात. एर्गोथिओनीन हे ऑक्सिडीकरणाला विरोध करणारे संयुग आणि बीटा-ग्लुकन हा तंतुमय पदार्थ हेही बुरशीचेच देणे आहे, आणि धिंगरीत ते उल्लेखनीय असतात. खनिजे मात्र तिला तयार करता येत नाहीत, ती फक्त गोळा करते. पोटॅशियम तिच्यात भरपूर येते, सोडियम अगदी थोडे आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. माध्यमात सेलेनियम किंवा लोह वाढवले तर अळंबीतही ते वाढते, हे प्रयोगांत दिसलेले आहे.

याच गुणाची दुसरी बाजू गंभीर आहे, आणि संचाच्या माहितीत ती पूर्णपणे दुर्लक्षित आहे. अळंबी हवी ती खनिजे गोळा करते, तशी नको तीही करते. कॅडमियम आणि पारा यांसारखे जड धातू माध्यमात असतील तर ते अळंबीत उतरतात. आर्सेनिकयुक्त पाण्यावर वाढलेल्या भाताच्या पेंढ्यात आर्सेनिक दाण्यापेक्षाही अधिक असते. कपाशीवर हंगामभर फवारण्या होतात आणि त्यांचे अंश पऱ्हाट्यांवर राहू शकतात. म्हणून ‘कोणताही शेतकचरा चालतो’ हे खोक्यावरील वाक्य उगवण्याच्या दृष्टीने खरे असले, तरी खाण्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. वर्दळीच्या रस्त्याकडेचे, कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या पिकाचे किंवा फवारणीचा इतिहास ठाऊक नसलेले अवशेष मी कितीही फुकट मिळाले तरी वापरणार नाही. संचातील गव्हाचे काड कोणत्या प्रकारच्या शेतातून येते, याची माहितीही पाकिटावर असायला हवी होती.

ड जीवनसत्त्वाच्या दाव्याबद्दल थोडक्यात. ‘ड जीवनसत्त्वाचा खजिना’ असे खोक्यावर छापले आहे, परंतु अंधुक खोलीत वाढलेल्या अळंबीत ते फार थोडे असते. तिच्यात असते ते एर्गोस्टेरॉल, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडल्यावर त्याचे ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. हे तोडणीनंतरही घडते. त्यामुळे अळंबीचे काप करून, छत्रीची खालची बाजू वर ठेवून, ती दुपारच्या उन्हात ठेवल्यास या जीवनसत्त्वाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. इतकी उपयुक्त आणि बिनखर्चाची सूचना पुस्तिकेत नाही, याचे मला वाईट वाटले. ब-१२ चा उल्लेख मात्र आहे आणि तो काढून टाकावा. धिंगरीत ते असलेच तर नाममात्र असते, आणि मांस-दूध न खाणाऱ्या कोणीही त्यावर विसंबून राहू नये. मधुमेह आणि कर्करोग यांवर ‘गुणकारी’ असल्याचे विधानही तितकेच अनुचित आहे.

वाढीच्या खोलीबद्दल पुस्तिकेत जी चूक आहे, तिची झळ मला पहिल्याच पिशवीत बसली. तंतू पसरण्याच्या काळात अंधार आणि बंद जागा चालते, परंतु कोंब फुटू लागले की त्यांना मंद उजेड आणि ताजी हवा हवी असते. पुस्तिका दोन्ही टप्प्यांसाठी ‘बंद, अंधाऱ्या खोलीत’ ठेवायला सांगते. तसे केल्यावर देठ बोटाएवढे लांब आणि छत्र्या बटणाएवढ्या आल्या, कारण अळंबीच्या श्वसनातून साचलेला कार्बन डायऑक्साइड छत्री उमलू देत नाही. दिवसातून तीन-चार वेळा खिडकी उघडू लागल्यावर पुढील तोडणीत छत्र्या रुंद आणि जाड आल्या.

तोडणीची वेळही महत्त्वाची आहे. छत्रीची कड खाली वळलेली असतानाच, ती सपाट होऊन वर उचलली जाण्यापूर्वी, संपूर्ण घोस पिळून काढावा. उशीर झाला की छत्री चिवट होते आणि बीजाणूंचा पांढरा धूर खोलीभर पसरतो. हे बीजाणू रोज श्वासातून आत गेल्यास फुप्फुसांना ॲलर्जीजन्य सूज येऊ शकते. अळंबी उत्पादनात काम करणाऱ्यांमध्ये हा आजार परिचित आहे. झोपण्याच्या खोलीत पिशव्या लावू नयेत आणि तोडणीच्या वेळी तोंडावर मास्क असावा, या दोन सूचना खोक्याच्या बाहेरच्या बाजूवर छापण्याच्या योग्यतेच्या आहेत. अळंबी कच्ची खाऊ नये, नीट शिजवावी. उकळून पाणी फेकल्यास ब जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातात, म्हणून थोड्या पाण्यात किंवा परतून शिजवणे बरे.

स्पॉनसाठी आणि पिशव्यांच्या दर्जासाठी मी या संचाला पूर्ण गुण देईन, मापकासाठी निम्मे, आणि माहितीपुस्तिकेसाठी फारच थोडे. पुढच्या वेळी मी याच उत्पादकाकडून नुसती स्पॉनची पाकिटे घेणार आहे, काड ओळखीच्या शेतातले वापरणार आहे आणि आर्द्रतामापक वेगळा घेणार आहे.

एक हिशेब राहिला, तो उरलेल्या काडाचा. तिसऱ्या तोडणीनंतर गव्हाच्या काडाची पिशवी मी उघडली, तेव्हा आतील काड पिवळट-पांढरे, हलके आणि बोटांत सहज तुटणारे झाले होते. वाळवून वजन केले तर ते ६१० ग्रॅम भरले. स्पॉनसह आत गेलेले कोरडे द्रव्य १०५० ग्रॅमच्या आसपास होते. ८५ ग्रॅम अळंबीत उतरले, आणि उरलेले साडेतीनशे ग्रॅम बुरशीच्या श्वसनातून हवेत व पाण्यात गेले. या उरलेल्या काडाला पुस्तिका ‘नत्रयुक्त खत’ म्हणते. माझा जमाखर्च तसे सांगत नाही, कारण त्यातील नत्राचा मोठा वाटा आधीच खाऊन झालेला आहे. लिग्निन फुटलेले असल्यामुळे ते ताज्या काडापेक्षा लवकर कुजते आणि माती भुसभुशीत करते, हा त्याचा खरा गुण. पण ते तसेच मातीत मिसळले तर कुजवणारे जीवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि झाडे काही काळ पिवळी पडतात. मी ते शेणखत आणि हिरव्या पाल्याबरोबर थरांमध्ये रचून ठेवले आहे आणि दोन महिन्यांनंतर वापरणार आहे. हिरव्या बुरशीने गेलेली कोंड्याची पिशवी मात्र त्या ढिगात टाकली नाही. ती वाढीच्या खोलीपासून दूर, खड्ड्यात पुरली.